भरतीच्या घड्याळावर चालणारा एक दिवस, किनारी अभयारण्यातलं वसंतातलं पक्षीनिरीक्षण

जंगलात पक्षी बघणाऱ्या माणसाला एक सवय लागलेली असते, अंधारात उठायचं, उजाडायच्या आत पोचायचं आणि दहा वाजले की "संपलं आता" म्हणत परत फिरायचं. मी पण पहिल्यांदा समुद्रकाठच्या अभयारण्यात असाच गेलो होतो. सूर्याच्या आधी हजर, गळ्यात दुर्बीण, अंगात उत्साह, आणि समोर काय तर लांबच लांब नुसता चिखल, आणि त्या चिखलाच्या पार पलीकडे जिथे पाणी सुरू होतं तिथे बारीक बारीक ठिपके. ठिपके हलत होते म्हणून त्यांना पक्षी म्हणायचं, एवढंच. तीन तास ठिपके बघितले, कंटाळून निघालो. मी गाडीत बसलो तेव्हा भरती नुकती चढायला लागली होती हे नंतर कळलं. म्हणजे पडदा वर जायच्या वेळेला मी उठून घरी गेलो.

तेव्हापासून एकच गोष्ट सगळ्यांना सांगत असतो. किनाऱ्यावर घड्याळ सूर्याचं नसतं, पाण्याचं असतं. तुम्ही पक्ष्यांकडे, म्हणजे चिखलात चोच घालून खाणाऱ्या वेडरांकडे, जायचं नाही, पाणी पक्ष्यांना तुमच्याकडे आणून देतं, फक्त तुम्ही योग्य वेळी योग्य जागी बसलेले पाहिजेत. बाकीचा दिवस त्याच्याभोवती कसा बसवायचा ते खाली लिहितोय.

आधी भरती बघा, मग तारीख ठरवा

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोन भरत्या येतात आणि दोन भरत्यांमध्ये साधारण 12 तास 25 मिनिटं जातात. म्हणजे रोज भरती 50 मिनिटांच्या आसपास पुढे सरकते, आज सकाळी नऊला असेल तर उद्या दहाच्या जरा आधी आणि आठवड्याने थेट दुपारी तीनच्या सुमाराला. काही किनाऱ्यांवर दिवसात एकच भरती असते, त्यामुळे अंदाजपंचे काही करू नका, त्या जागेचा भरती-ओहोटीचा तक्ता इंटरनेटवर बघा.

तक्त्यात दोन गोष्टी बघायच्या, वेळ आणि उंची. लोक वेळ बघतात आणि उंची विसरतात. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं, पाणी खूप वर चढतं आणि खूप खाली उतरतं. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढत नाही आणि धड उतरत पण नाही. भांगाच्या भरतीला चिखलाचा वरचा पट्टा कोरडाच राहतो, पक्षी तिथेच निवांत पसरून बसतात आणि तुम्ही बांधावर बसून पुन्हा ठिपकेच मोजता. उधाणाला मात्र चिखल सगळा बुडतो, पक्ष्यांना जागा उरत नाही आणि ते सरकत सरकत अगदी तुमच्या पुढ्यात येतात. अर्थात फारच मोठं उधाण असलं तर बसायची जागाही बुडते आणि सगळे थवे उडून आतल्या तळ्यांवर किंवा मिठागरांवर जातात, त्यामुळे माझी आवड म्हणजे उधाणाच्या एक-दोन दिवस आधीची किंवा नंतरची भरती.

यातली गंमत अशी की एखाद्या जागी उधाणाची भरती नेहमी दिवसाच्या साधारण त्याच वेळेला येते. काही किनाऱ्यांवर ती सकाळ-संध्याकाळ असते, काहींवर दुपारी आणि मध्यरात्री. एकदा तुमच्या जागेची वेळ कळली की कॅलेंडरवर नुसता चंद्र बघून अर्धा प्लॅन होतो.

दोन फसगती सांगून ठेवतो. तक्ता बहुतेक वेळा जवळच्या बंदराचा असतो, अभयारण्य खाडीच्या आत असेल तर तिथे भरती उशिरा पोचते, कधी पाऊण तास, कधी त्याहून जास्त. आणि ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे करतात तिथे काही तक्ते जुन्याच वेळेत छापलेले असतात, वसंतात नेमका हाच घोळ होतो. शिवाय तक्त्यातली उंची म्हणजे फक्त चंद्र-सूर्याचा हिशोब. हवेचा दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं आणि समुद्राकडून जोराचा वारा असेल तर अजून वर ढकललं जातं. वादळी दिवशी तक्त्यापेक्षा पाणी आधी आणि जास्त येणार असं धरून चाला.

वसंतच का

कारण हेच पक्षी हिवाळ्यात सगळे सारखे राखाडी दिसतात आणि नवशिका माणूस पुस्तक मिटून टाकतो. वसंतात उत्तरेकडे निघायच्या आधी ते विणीचा पिसारा चढवतात. ग्रे प्लोव्हर, जो हिवाळाभर मळक्या रंगाचा असतो, तो तोंडापासून पोटापर्यंत काळाकुट्ट होतो. डनलिनच्या पोटावर काळा डाग येतो, जणू शाई सांडली आहे. रेड नॉट आणि बार-टेल्ड गॉडविट विटकरी लाल होतात, टर्नस्टोन तर असा रंगीत होतो की हाच तो का असं वाटावं. एप्रिल-मे मध्ये थव्यात अर्धे रंगलेले, अर्धे राखाडी, काही मधलेच चट्टेरी पट्टेरी असे सगळे एकत्र दिसतात, त्यामुळे ओळखायला शिकायचं असेल तर याच्यासारखी शाळा नाही.

दुसरं कारण म्हणजे त्यांची घाई. आर्क्टिकमधला उन्हाळा छोटा, उशिरा पोचलं की वीण गेली. म्हणून वाटेतल्या थांब्यावर ते नुसते खात असतात. अमेरिकेतल्या डेलावेअर उपसागरात मे महिन्यात हॉर्सशू क्रॅब, म्हणजे नालेच्या आकाराचे खेकड्यासारखे प्राणी, वाळूत अंडी घालायला येतात आणि नेमके तेव्हाच रेड नॉट तिथे उतरतात, दोन-एक आठवड्यांत ती अंडी खाऊन वजन जवळपास दुप्पट करतात आणि निघतात. न्यूझीलंडहून अलास्काला जाणारे गॉडविट वाटेत चीन आणि कोरियाच्या मधल्या पीत समुद्राच्या चिखलावर थांबतात, आणि हाच पक्षी परतीला न थांबता जातो. 2022 मध्ये टॅग लावलेलं एक पाच महिन्यांचं पिल्लू अलास्काहून टास्मानियापर्यंत 13,560 किलोमीटर उडालं, 11 दिवस, मध्ये कुठेही न उतरता. तुमच्या समोर चिखलात चोच खुपसून उभा असलेला पक्षी असल्या प्रवासाच्या मधोमध असतो हे डोक्यात ठेवा, पुढे अंतर राखायचा विषय येईल तेव्हा उपयोगी पडेल.

दक्षिण गोलार्धात वसंत सप्टेंबर ते नोव्हेंबर असतो आणि तेव्हा हेच पक्षी उलटे पोचत असतात, पिसं झिजलेली, रंग उतरलेला, पोटं खपाटीला. तोही बघण्यासारखा प्रकार आहे, पण वेगळा.

नेमका आठवडा ठरवायचा तर ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर, त्या जागेच्या जुन्या नोंदी उघडा, प्रत्येक जातीचा आलेख असतो, कुठल्या आठवड्यात कोण येतं ते लगेच कळतं. मग त्या आठवड्यात बरी भरती कधी आहे ते बघा आणि सुट्टी टाका. रविवार आहे म्हणून रविवारी जाऊ नका, हे सांगायला सोपं आहे हे मलाही माहितीये.

सामान, थोडक्यात

दुर्बीण 8×42 घ्या. आठ म्हणजे आठपट मोठं दिसतं आणि 42 म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. दहापटवाली लोकांना भारी वाटते पण किनाऱ्यावर वारा असतो, हात हलतो आणि दहापट मोठं दिसतं तसं दहापट थरथरतं पण. लांबच्या पक्ष्यांसाठी दुर्बीण नाही, स्कोप, म्हणजे एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण, लागतो, 20 ते 60 पट झूमवाला, आणि त्याला जड ट्रायपॉड. हलका ट्रायपॉड वाऱ्यात असा नाचतो की स्कोप असून नसल्यासारखा. ट्रायपॉडचे पाय पूर्ण उघडू नका, खाली बसून वापरा. आणि 60 पटीवर कधी जाऊ नका म्हटलं तरी चालेल, ऊन तापलं की चिखलावर हवा उकळायला लागते आणि झूम जितकं जास्त तितकं चित्र जास्त हलतं, 25-30 वर थांबा.

कपड्यांत मुख्य म्हणजे वारा अडवणारं जाकीट, वसंतात ऊन चटका देतं आणि वारा गारठवतो. टोपी दोरीवाली. भिंगावर खारे तुषार बसतात, ते कोरड्या फडक्याने घासायचे नाहीत, मीठ आणि वाळूने ओरखडे पडतात, आधी फुंकून मग थोड्या गोड्या पाण्याने ओलं करून पुसा. पाणी, खायला काहीतरी आणि कागदी वही. फोनची स्क्रीन उन्हात दिसत नाही, वही दिसते.

आदल्या रात्री नकाशा

सॅटेलाइट नकाशा उघडा आणि तीन गोष्टी शोधा, सगळ्यात शेवटी बुडणारा चिखल कुठला, भरतीला पक्षी जाऊन बसतील असा वाळूचा दांडा किंवा आतलं तळं कुठलं, आणि त्याच्याजवळ बांध, मचाण किंवा लपण आहे का. मग सूर्य. सकाळची भरती असेल आणि चिखल तुमच्या पूर्वेला असेल तर सगळे पक्षी काळ्या सावल्या दिसणार, रंग गेला, पाय कुठल्या रंगाचे ते गेलं, म्हणजे वसंतात येऊन काही फायदा नाही. सूर्य पाठीशी येईल अशी जागा निवडा, नसेल तर दुसऱ्या वेळेची भरती धरा. वाऱ्याचं एवढं लक्षात ठेवा की बसलेले पक्षी वाऱ्याकडे तोंड करून बसतात, वारा तुमच्या पाठीमागून असेल तर चेहरे दिसतील, समोरून असेल तर शेपट्या.

पाणी लांब असताना काय करायचं

समजा भरती साडेअकराला आहे. तरी मी पहाटेच जातो, जुनी खोड, पण चिखलाकडे बघत पण नाही. तो वेळ झाडाझुडपांचा. समुद्र ओलांडून आलेले छोटे गाणारे पक्षी किनाऱ्यावरच्या पहिल्याच झुडपात उतरतात, आणि रात्रीतून समोरचा वारा किंवा पाऊस लागला असेल तर थकून पावसासारखे पडतात. मेक्सिकोच्या आखाताच्या उत्तर किनाऱ्यावर, टेक्ससमधल्या हाय आयलंडसारख्या जागी, एप्रिलमध्ये याच्यासाठीच लोक वाऱ्याचा अंदाज बघत बसलेले असतात. तुमच्याकडे असं काही होईलच असं नाही पण रात्री पाऊस झाला असेल तर किनाऱ्यालगतची झुडपं आधी बघा. असे पक्षी अगदी हाताच्या अंतरावर बसतात, ते धीट असतात म्हणून नाही तर दमलेले असतात म्हणून, त्यांना मागे हटवू नका.

बऱ्याच अभयारण्यांत गाडीने फिरायचा रस्ता असतो. गाडीतून उतरू नका. पक्षी गाडीला घाबरत नाहीत, माणसाच्या आकाराला घाबरतात. इंजिन बंद करा, काच खाली करा, दुर्बीण दारावर टेकवा. मी बांधावर पाऊण तास रांगत जाऊन जेवढं बघितलंय त्याच्यापेक्षा जास्त मी गाडीच्या खिडकीतून बघितलंय, आणि गुडघे पण शाबूत राहिले.

भरतीच्या आधीचे तीन तास

हा खरा दिवस. भरतीच्या अडीच-तीन तास आधी जागेवर बसा. उभं राहू नका, आभाळाच्या पुढे माणसाची सावली दिसली की थवा मागे सरकतो. बसा आणि पहिली दहा-पंधरा मिनिटं काही ओळखायचा प्रयत्नच करू नका. कोण कसं खातंय ते बघा.

चिखल्या, म्हणजे प्लोव्हर, डोळ्यांनी शिकार करतात. चार पावलं पळायचं, थांबायचं, टोचायचं, परत पळायचं. तुतवार आणि त्यांचे भाऊबंद चोचीने शोधतात, शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच चिखलात वर-खाली. त्यांच्या चोचीच्या टोकात दाब ओळखणाऱ्या पेशी असतात, चिखलातला किडा न दिसता कळतो, आणि बऱ्याच जणांना चोचीचं नुसतं टोक उघडता येतं, आख्खी चोच चिखलात असताना. सँडरलिंग लाटेच्या मागे पळतात आणि लाट आली की उलटे पळतात, ते पायांवरूनच ओळखू येतात. टर्नस्टोन नावाप्रमाणे दगड, शेवाळ उलथून बघतो. शेकाट्या लांब गुलाबी पायांवर पाण्यात सावकाश चालतो, उचाट्या वर वळलेली चोच पाण्यात डावी-उजवी झाडू मारल्यासारखी फिरवतो. फक्त चालीवरून निम्मी गर्दी वेगवेगळ्या गटांत पडते, रंग न बघता.

मग एक पक्षी निवडा जो तुम्हाला पक्का ओळखता येतो, कुठलाही साधा, आणि त्याला मापाची पट्टी करा. हा डनलिन आहे ना, मग शेजारचा याच्याहून मोठा की लहान? चोच डोक्याच्या लांबीएवढी की दीडपट? सरळ की टोकाला खाली वाकलेली? पायांचा रंग कुठला? आकार एकट्या पक्ष्याचा कधीच कळत नाही, सूर्य समोर असला की लहान पक्षी पण घोड्याएवढा वाटतो. कोरल, म्हणजे खाली वाकलेल्या लांब चोचीचा कर्ल्यू, दोन प्रकारचे दिसले तर डोकं बघा, छोट्या कोरलच्या डोक्यावर गडद-फिके पट्टे असतात, मोठ्याच्या नसतात, आणि मोठ्यात मादीची चोच नराहून लांब असते, त्यामुळे चोचीच्या लांबीवर फार भरवसा ठेवू नका.

उडाले की अजून सोपं होतं खरं तर. ग्रे प्लोव्हर उडताना पंखाखाली बगलेत काळा ठिपका दिसतो, जगात कुठेही दिसतो. ब्लॅक-टेल्ड गॉडविटच्या पंखावर रुंद पांढरा पट्टा, बार-टेल्डच्या नाही. आवाज पण शिका, ग्रीनशँक तीनदा ट्यू-ट्यू-ट्यू करतो, लांबून वर न बघता कळतो. अ‍ॅप आवाज ओळखतात पण वारा आणि लाटांच्या आवाजात ते काहीही सांगतात, त्यांचं नाव लिहून ठेवा आणि डोळ्यांनी खात्री करा.

पायात रंगीत फ्लॅग, म्हणजे अक्षरं लिहिलेली छोटी खूणपट्टी, दिसला तर थांबा. रंग, कुठल्या पायात, गुडघ्याच्या वर की खाली आणि अक्षरं, सगळं वहीत लिहा, स्कोपला फोन लावून फोटो काढा आणि रिंगिंगवाल्यांकडे, म्हणजे पक्ष्यांच्या पायात अशा खुणा घालणाऱ्यांकडे, कळवा. 1995 मध्ये अर्जेंटिनात रिंग घातलेला एक रेड नॉट, फ्लॅगवर बी95, लोकांनी असाच बघून बघून 2014 पर्यंत कळवत ठेवला, म्हणून कळलं की एवढासा पक्षी वीस वर्षांच्या आसपास जगू शकतो. असली नोंद तुमच्या शंभर चांगल्या फोटोंपेक्षा कामाची.

मोजायचं कसं तर दहा पक्षी मोजा, ते डोळ्याला किती जागा व्यापतात ते बघा, तसेच दहाचे दहा करून शंभराचा ठोकळा बनवा आणि ठोकळे मोजत थव्यावरून पुढे जा. पहिल्यांदा सगळे कमीच मोजतात. पाणी चढताना थवे सरकतात त्यामुळे तेच पक्षी दोनदा मोजले जातात, म्हणून खरी मोजणी भरती पूर्ण झाल्यावर, सगळे एकत्र बसले की.

अंतर, घरटी आणि थोडं रागावणं

भरतीला पक्षी एका पायावर, चोच पाठीत खुपसून बसतात. हा त्यांचा विसावा आहे, आणि नेमका तेव्हाच कोणीतरी कॅमेरा घेऊन उडतानाचा फोटो पाहिजे म्हणून पुढे चालत जातो. मला याची खरंच चीड आहे. दोन आठवड्यांत चरबी साठवणाऱ्या पक्ष्याला सहा वेळा उडवलं तर तो कमावलेलंच जाळतो. खूण सोपी आहे, डोकी वर आली, खाणं थांबलं, सगळे एकाच दिशेला चालायला लागले की तुम्ही जास्त जवळ आलात, जिथे आहात तिथून मागे या. उडतानाचा फोटो हवाच असेल तर बहिरी ससाणा येईपर्यंत थांबा, वसंतात भरतीच्या वेळेला तो बऱ्याचदा येतो आणि मग आख्खा थवा धुरासारखा वळतो, पांढरा-काळा-पांढरा, त्याची सर तुम्ही उडवलेल्या थव्याला येत नाही.

कोरड्या वाळूवर आणि शिंपल्यांत पाऊल जपून टाका. चिखल्या आणि सुरय यांचं घरटं म्हणजे वाळूतला नुसता खळगा, अंडी वाळूच्या रंगाची, पायाखाली आली तरी दिसत नाहीत. पंख मोडल्यासारखा फरफटत एखादा चिखल्या तुमच्या पुढे पळाला तर तो जखमी नाही, तुम्हाला पिल्लांपासून लांब नेतोय. सुरय डोक्यावर झेप घेत असतील तर तुम्ही वसाहतीत शिरलात. दोन्ही वेळेला पायाखाली बघत, आलेल्या पावलांवरून परत. दोरी बांधलेली जागा असेल तर आत जाऊच नका, ड्रोन नको, आवाज वाजवून बोलावणं नको, कुत्रा गाडीत पण नको.

आणि चिखलावर चालू नका, पक्ष्यांसाठी नाही, तुमच्यासाठी. तो वरून घट्ट दिसतो आणि गुडघ्यापर्यंत गिळतो, आणि भरती समोरून येत नाही, आधी मागच्या नाल्यांमधून भरते, तुम्हाला कळेपर्यंत परतीची वाट पाण्यात गेलेली असते.

पाणी उतरताना

भरतीनंतर लगेच निघू नका. तासा-दीड तासाने पहिला चिखल उघडा पडतो आणि झोपलेले पक्षी भुकेने त्याच्यावर तुटून पडतात, अगदी बांधाजवळ, कारण आधी उघडा पडणारा चिखल तोच असतो. सकाळी ज्याच्यावर शंका होती तो पक्षी आता परत शोधा. वहीत प्रत्येक शंकेपुढे जे दिसलं तेवढंच लिहा, "पाय पिवळसर, चोच छोटी सरळ, डनलिनहून लहान", नाव नंतर. रात्री पुस्तक उघडून मग ठरवा, आणि नाही ठरलं तर "छोटा वेडर" एवढं लिहून सोडून द्या.

गाडीत बसायच्या आधी कॅलेंडर उघडून पंधरा दिवसांनंतरची तारीख आत्ताच टाकून ठेवा. तेव्हा पाणी साधारण याच वेळेला याच उंचीवर असेल, सूर्य जवळपास तिथेच असेल, तुम्ही त्याच दगडावर बसाल, आणि आज जे अर्धे राखाडी होते ते एकतर पूर्ण लाल झालेले असतील नाहीतर निघून गेलेले असतील.